बोलावणं

क्लोव्हिस ब्रूसार्ड यांच्या नावाने
कंपनीचं हे चौथं पत्र.
'पत्रास कारण की' वगैरे काही नाही,
पाकिटावरच लाल शाईत : तातडीचे.
आत एकच वाक्य खरं महत्त्वाचं :
आपली गाडी आम्ही परत बोलावत आहोत.

त्यांना स्वतःला बोलावणं येऊन
दोन वर्षं झाली होती.
कंपनीला कुणी कळवलं नव्हतं.

मिसेस ब्रूसार्डनी चारही पाकिटं
माझ्या काउंटरवर ठेवली, न फोडलेली,
रबरबँडात बांधलेली, कोळंबीच्या वासाची.
ऑगस्टमध्ये आमच्या हूमा गावात
हवा श्वासात घ्यायची नसते, प्यायची असते.
हीच हवा, मी त्यांना म्हटलं,
वर्षानुवर्षं स्टिअरिंगच्या पोटात शिरते.
एअरबॅग फुगवायला तिथे एक डबी असते,
तिच्यातली दारू सादळते.
सादळलेला फटाका फुसका निघतो;
हिची जात उलटी.
ही जास्तच भडकते, डबीच फुटते,
आणि पत्र्याचे तुकडे सरळ गळ्याकडे.

"पण गाडी तर छान चालते."

सगळे हेच म्हणतात.
आवाज नाही, धूर नाही, दिवा लागत नाही,
मग कशाला, बघू, सणानंतर.
काही दुखणी दुखतच नाहीत, बाई.

आम्ही बाहेर उन्हात गेलो.
काचेच्या खालच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर,
सतरा अक्षरं-आकडे.
मी वाकून एकेक वाचला,
त्यांनी बोटांवर मोजला.
कॉम्प्युटर म्हणाला : हो, हीच.

"किती घेणार?"
काही नाही.
"गाडी जुन्या बाजारातून घेतलेली."
तरी काही नाही.
त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.
फुकट म्हणणाऱ्या माणसाला
क्लोव्हिस दारातूनच घालवून द्यायचा, म्हणाल्या.

नवा भाग फडताळात होता, हे नशीब.
नसता तर मी किल्ली ठेवून घेतली असती
आणि बदली गाडी दिली असती.
(ती मागावी लागते. न मागणाऱ्याला
आमचा मालक कॉफी देतो.)

मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या,
"सीट हलवू नका."

सीट पार मागे होती,
सहा फुटी माणसाच्या पायांची.
त्या चालवतात
पाठीशी दोन उशा घेऊन.

बॅटरी काढली की रेडिओ सगळं विसरतो.
म्हणून आधी मी स्टेशनं
मनगटावर पेनने लिहून घेतली :
एक अकॉर्डियनचं, एक फ्रेंच प्रार्थनेचं,
एक नुसत्या भरती-ओहोटीचं,
होडी विकून झाल्यावरही
ठेवलेलं.

सीट न हलवता,
दारातून अर्धा आत, गुडघ्यावर,
वीस मिनिटांचं काम मी तासभर केलं.
कंबर अजून बोलते.
जुनी डबी तळहातावर घेतली;
एवढीशी, आणि थंड.

कागदावर सही घेताना विचारलं,
नाव बदलू? पुढचं पत्र तुम्हाला येईल.
बराच वेळ त्या पेनाचं टोपण
लावत-काढत राहिल्या.
"पत्ता बरोबर आहे," म्हणाल्या.
मी त्यांच्या नावाखाली
त्यांचा फोन नंबर तेवढा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन.
"तुम्ही घड्याळ बिघडवलंत."
मी म्हटलं, बाई, अगदी बरोबर लावलंय,
माझ्या मोबाइलशी जुळवून.
"तेच तर.
ते सात मिनिटं पुढे असायचं.
नाहीतर चर्चला त्याला नेहमी उशीर व्हायचा."

सीट सांभाळली, स्टेशनं सांभाळली,
आणि नेमकं हे
मी दुरुस्त करून बसलो होतो.

डावं बटण दाबून धरा, मी म्हटलं.
आता उजवं. एकेकदा.
फोनवर मला ते ऐकू येत होतं,
टिक,
आणि त्यांचं मोजणं.
सहावर त्या थांबल्या.
मीही काही बोललो नाही.
मागे कुणाच्या तरी होडीचं इंजिन
धरत नव्हतं, धरत नव्हतं,
मग धरलं.